आयएसओ पेनड्राइव्हवर कॉपी केली, पण संगणक तिच्यावरून चालूच होईनात

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सेलूत वडिलांच्या जुन्या आडतीच्या जागेत मी एक छोटी अभ्यासिका चालवते. पोलीस भरती, तलाठी, नीट असं सगळ्याची तयारी करणारी मुलं येतात. मुली बऱ्याचशा आसपासच्या खेड्यांतल्या, सकाळच्या एसटीनं येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. कोपऱ्यात पाच संगणक ठेवलेत, चार जुने डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप. सराव परीक्षा, जुन्या प्रश्नपत्रिका, अर्ज भरणं, सगळं त्याच्यावरच होतं. घरी संगणक असलेली पोरगी आमच्याकडं एखादीच.

विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि प्रोसेसरही नव्या पिढीचा लागतो, ते आमच्या एकाही यंत्रात नाही. मुली याच संगणकांवर आधार आणि बँकेची माहिती भरतात, त्यामुळं हे असंच चालू ठेवायला मन धजेना. नवीन पाच संगणक घेण्याची ऐपत नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकायची ठरवली.

आयएसओ फाइल जवळपास तीन जीबीची. लाइट येऊन-जाऊन असल्यामुळं दोन संध्याकाळी लागल्या. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती फाइल कॉपी केली, डेस्कटॉपला लावली, तर पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. मग आयएसओवर डबल क्लिक करून आतल्या सगळ्या फाइली उघड्या पेनड्राइव्हवर टाकल्या. डेस्कटॉपचं तेच रडगाणं, पण लॅपटॉपवर मात्र मिंटचा मेनू आला! ‘स्टार्ट’ दाबलं, लोगो दिसला आणि मध्येच काळ्या पडद्यावर ओळीच्या ओळी येऊन अडकलं. एकच पेनड्राइव्ह एकीकडं अर्धी चालते आणि दुसरीकडं अजिबात नाही, हे कसं? कृपया नीट समजावून सांगा. पाचही यंत्रं मलाच करायची आहेत.

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:३२

ताई, कॉपी करून जमंना बगा, ती लिहावी लागते. पण आधी तीन गोष्टी सांगा. डेस्कटॉपचे प्रोसेसर कोणते, रॅम किती आणि लॅपटॉपवर नेमकं काय लिहून आलं? अक्षर न अक्षर लिहा. लातूरला माझ्याकडं दुरुस्तीला मशीन येतंय तव्हा गिऱ्हाईक म्हणतंय ‘एरर आला’. कोणता एरर ते कळलं की अर्धं काम तिथंच होतंय.

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ९:५५

दोन डेस्कटॉप कोअर टू ड्युओ, दोन दुसऱ्या पिढीचे आय-थ्री. लॅपटॉप सातव्या पिढीचा आय-थ्री. सगळ्यांना ४ जीबी रॅम. लॅपटॉपवर ‘स्क्वॅशएफएस एरर, अनेबल टू रीड’ आणि पुढं आकडे, असं दहा-बारा वेळा आलं.

बालाघाट | सोमवार, रात्री १०:४०

ताई, इथं दोन वेगवेगळे बिघाड एकत्र आलेत, म्हणून कोडं पडलंय. एकेक घेऊ. जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढं कुणाला विचारावं लागत नाही.

आयएसओ ही साधी फाइल नव्हे. अख्ख्या सीडीचा पहिल्या कणापासून शेवटच्यापर्यंत घेतलेला तो ठसा असतो. सीडीवर फाइली कशा मांडायच्या याचं १९८८ चं मानक आहे आयएसओ ९६६०, त्यावरून हे नाव पडलं. तो ठसा पेनड्राइव्हवर फाइल म्हणून ठेवणं म्हणजे बियाण्याचं पोतं तोंड न सोडता बांधावर आणून ठेवणं. संगणकाला ते पोतं सोडता येत नाही, कारण सोडणारी प्रणाली अजून सुरूच झालेली नसते.

आता अर्धी चालते आणि अर्धी चालत नाही त्याचं कारण. जुन्या डेस्कटॉपमध्ये बायॉस आहे, म्हणजे संगणक चालू केल्यावर सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम. बायॉसला फाइल, फोल्डर काही कळत नाही. तो डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो, त्याच्या शेवटी ५५ आणि एए ही दोन बाइटची खूण आहे का बघतो, आणि असेल तर त्या तुकड्यातला कोड चालवायला घेतो. तुम्ही फाइली कॉपी केल्या तेव्हा या पहिल्या तुकड्यात मिंट सुरू करणारा कोड गेलाच नाही. फाइली कितीही बरोबर असल्या तरी बायॉस तिथपर्यंत पोचत नाही.

लॅपटॉपमध्ये बायॉसच्या जागी आलेलं नवं यूईएफआय आहे आणि त्याला फॅट३२ ही पेनड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत वाचता येते. पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचं फोल्डर, त्यात बूट नावाचं फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल सापडली की तो ती चालवतो. तुमच्या उघड्या कॉपीत ती फाइल योग्य जागी पडली, म्हणून मेनू दिसला. तुम्ही केलेली युक्ती चुकीची नव्हती. ती फक्त यूईएफआयपुरतीच लागू पडते.

सीडीच्या काळात सीडीवरून बूट व्हायचं एल टोरिटो नावाचं १९९५ चं वेगळंच मानक होतं, आणि त्यातली खूण सीडीच्या पहिल्या तुकड्यात नसते. त्यामुळं सीडीचा ठसा नुसता पेनड्राइव्हवर उमटवला तरी बायॉसला काही दिसायचं नाही. पुढं लिनक्सवाल्यांनी आयएसओहायब्रिड पद्धत काढली. एकाच ठशाला सीडीचा आणि डिस्कचा असे दोन्ही चेहरे. मिंटची आयएसओ तशीच असते, म्हणून ती योग्य साधनानं लिहिली की तुमच्या पाचही यंत्रांवर चालेल.

दुसरा बिघाड स्क्वॅशएफएसचा. मिंटची जवळजवळ सगळी प्रणाली आयएसओच्या आत एकाच मोठ्या दाबून बसवलेल्या फाइलीत असते. ती फाइल वाचताना मध्येच अडखळलं, याचा अर्थ डाउनलोड अर्धवट किंवा खराब आहे, नाहीतर पेनड्राइव्ह खराब आहे. लाइट येत-जात होती म्हणता, म्हणजे माझा संशय डाउनलोडवर. मिंटच्या संकेतस्थळावर आयएसओसोबत शा-२५६ ची बेरीज देतात, ६४ अक्षरांची. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश लिहून पुढं फाइलीचा पत्ता द्या. मिनिटभरात तुमच्या फाइलीची बेरीज येईल. दोन्ही ताडून बघा. जुळत नसेल तर पुढचं काहीही करू नका, फाइल पुन्हा उतरवा.

दुधनाकाठ | मंगळवार, सकाळी ७:२०

बेरीज जुळली नाही. पहिल्या अक्षरापासूनच वेगळी आहे. ब्राउझरनं तर ‘डाउनलोड पूर्ण’ म्हणून दाखवलं होतं, म्हणून मला शंकाही आली नाही. बालाघाट दादा, मनापासून आभार. आता परत दोन संध्याकाळी.

हळदबाजार | मंगळवार, सकाळी ८:०५

ताई, ह्या वेळंस टॉरंटनं उतरवा. मिंटच्या डाउनलोडच्या पानावरच टॉरंटची फाइल असती, अधिकृत. मी वसमतला सेवा केंद्र चालवतो, आमच्याकडंबी लाइटीचं तसंच हाय. टॉरंट फाइल बारीक-बारीक तुकड्यांत आणतंय आणि हरेक तुकडा आल्यावर त्याची बेरीज तपासून घेतंय. खराब तुकडा आला तर तेवढाच परत मागवतंय. मध्येच लाइट गेली तरी परत चालू केल्यावर राहिल्या जागेवरून पुढं.

बालाघाट | मंगळवार, सकाळी ८:३०

हळदबाजार भाऊंचं बरोबर आहे. एक भर घालतो. बेरीज फक्त फाइल धड आली का एवढं सांगते, ती खऱ्या माणसांनी बनवलेली आहे का हे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या दुव्यामागं मागचं दार ठेवलेली आयएसओ लावली गेली होती. ज्याच्या हातात पान आहे तो पानावरची बेरीजही बदलू शकतो. म्हणून बेरजेच्या फाइलीसोबत जीपीजी या डिजिटल सहीचीही फाइल देतात. एका घरगुती यंत्रासाठी कुणी तपासत नाही, मला कळतं. पण ताई, तुमच्या यंत्रांवर पन्नास मुलांची माहिती भरली जाणार आहे. ती सही कशी तपासायची ते मिंटच्या मार्गदर्शिकेत पायरीपायरीनं दिलंय. एकदा वेळ काढा.

पैठणगेट | मंगळवार, सकाळी ११:१५

पाच यंत्रं आणि बहुतेक पुढं आणखी. मी तर व्हेंटॉय सुचवेन. पेनड्राइव्हवर ते एकदाच बसवायचं. त्यानंतर आयएसओ नुसती कॉपी करायची, म्हणजे ताईंनी पहिल्या दिवशी केलं तेच! बूट केल्यावर यादी येते, हवी ती निवडा. मिंट, डेबियन, विंडोज, डिस्क तपासणीची साधनं, सगळं एका ६४ जीबीच्या ड्राइव्हवर. बायॉस आणि यूईएफआय दोन्हींवर चालतं आणि उरलेल्या जागेत आपल्या फाइलीही ठेवता येतात. बसवताना मात्र पेनड्राइव्ह पूर्ण पुसली जाते. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्या वेळी निळा पडदा येईल, तिथं किल्ली नोंदवावी लागते.

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी १:४०

पैठणगेट भाऊ, व्हेंटॉय मीबी वापरतो, माझ्या खिशात कायम असतंय. पण पहिल्यांदा करणाऱ्याला मी सांगत न्हाई. कारण जुन्या मशीनवर अडकलं तर मशीनचं अडकलं, व्हेंटॉयचं अडकलं का आयएसओचं अडकलं हे समजंना होतंय. एक आयएसओ, एक पेनड्राइव्ह आणि ती लिहायला रुफस हे विंडोजवरचं साधन. हे जमलं की मग व्हेंटॉयकडं जावा.

दुसरं, पेनड्राइव्ह कोणती हाय ते बगा. बाजारात स्वस्तात मोठ्या आकड्याच्या पेनड्राइव्ह मिळतेत. आतली चिप असती ८ जीबीची आणि विंडोजला सांगती १२८. कॉपी करताना सगळं बरं दिसतंय, वाचायला गेलं की निम्मं गायब. माझ्याकडं एक पोरगा सलग चार वेळा विंडोज टाकून दमून आला होता, शेवटी दोष निघाला पेनड्राइव्हचा. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं साधन हाय, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बगतंय. लिनक्सवर तेच काम एफ३ करतंय. वेळ लागतोय, पण एकदा करून घ्या.

पैठणगेट | मंगळवार, दुपारी २:०५

पटलं. पहिल्या वेळेला रुफस. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर व्हेंटॉयमध्ये आधीच तयार करून घातलेल्या बायनरी फाइलींवरून २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत बरीच चर्चा झाली होती, तेही ताईंना माहीत असावं. मी अजूनही वापरतो.

उमरगा_गुरुजी | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

मध्येच विचारतो, क्षमस्व. शाळेत एक जुनं नेटबुक पडून आहे, ऍटम एन२७०, १ जीबी रॅम. त्याच पेनड्राइव्हवरून त्यावर मिंट चालेल का? चौथीच्या मुलांना टंकलेखन शिकवायचं आहे, बाकी काही नको.

बालाघाट | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

गुरुजी, नाही चालणार. एन२७० हा फक्त ३२ बिटचा प्रोसेसर आहे आणि मिंट २२ फक्त ६४ बिटचं. पेनड्राइव्ह कितीही नीट बनवली तरी ‘तुमचा प्रोसेसर या कर्नलला चालत नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन थांबेल. ताईंच्या कोअर टू ड्युओला ही अडचण नाही, ते सगळे ६४ बिटचे असतात. तुमच्यासाठी डेबियन १२ ची ३२ बिट आयएसओ अजून मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला. अँटीएक्स हे आणखी हलकं, १ जीबीत टंकलेखनापुरतं चांगलं चालतं. आयएसओ उतरवताना नावात ३८६ आहे का बघा.

उमरगा_गुरुजी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

अँटीएक्स उतरवायला लावतो. धन्यवाद.

दुधनाकाठ | बुधवार, रात्री ८:३०

टॉरंटनं फाइल आली, बेरीज जुळली, ६४ पैकी ६४ अक्षरं. सहीसुद्धा तपासली. भाच्याला शेजारी बसवून केलं आणि ‘गुड सिग्नेचर’ आलं. पण रुफस उघडेना. कार्यालयातला जो संगणक मी वापरते त्यावर अजून विंडोज ७ आहे. ही फाइल या आवृत्तीवर चालणार नाही असं सांगतोय.

मांजराकाठ | बुधवार, रात्री ९:१५

ताई, रुफस ४ पासून पुढं विंडोज ८ किंवा त्याच्यावरचं लागतंय. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं रुफस म्हणजे ३.२२. त्यांच्याच संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांचा दुवा हाय, तिथून घ्या, दुसरीकडून घेऊ नका. न्हाई तर विंडोज १० वाल्या लॅपटॉपवर करा, तेच सोपं.

आता नीट वाचा. पेनड्राइव्हमधलं जे पाहिजे ते आधी दुसरीकडं काढून घ्या, कारण सगळं पुसणार हाय. बाकीच्या पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, मेमरी कार्ड सगळं काढून ठेवा, म्हणजे चुकून दुसरं निवडायचा प्रश्नच न्हाई. रुफस उघडल्यावर वर ‘डिव्हाइस’मध्ये तुमची पेनड्राइव्ह दिसती, तिची साइज बगून खात्री करा. ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ द्या. मग ‘पार्टिशन स्कीम’, म्हणजे डिस्कचे भाग मांडायची पद्धत, एमबीआर जुनी आणि जीपीटी नवी. इथं लई जण गडबड करतेत. तुमच्याकडं बायॉसवाली मशीन हायेत म्हणून एमबीआर निवडा. मग ‘टार्गेट सिस्टीम’मध्ये आपोआप ‘बायॉस ऑर यूईएफआय’ येतंय, म्हणजे पाचही मशीनला एकच पेनड्राइव्ह. जीपीटी निवडलं तर ती फक्त यूईएफआयला चालती, डेस्कटॉपवर परत तेच ‘नो बूटेबल’. फाइल सिस्टीम फॅट३२ राहू द्या.

‘स्टार्ट’ दाबल्यावर विचारतंय की ही आयएसओहायब्रिड हाय, आयएसओ मोडमध्ये लिहू का डीडी मोडमध्ये? आधी आयएसओ मोडच घ्या. कव्हा-कव्हा एक-दोन छोट्या फाइली नेटवरून घेऊ का म्हणतंय, हो म्हणा, नेट चालू ठेवा. बनलेली पेनड्राइव्ह एखाद्या मशीनवर उठंना झाली तर दुसऱ्यांदा डीडी मोडनं बनवा, त्यात ठसा हाय तसा उमटवतंय. फक्त डीडी मोडनंतर विंडोज म्हणंल ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’. तिथं नाही म्हणा. विंडोजला लिनक्सची मांडणी वाचता येत न्हाई म्हणून विचारतंय, पेनड्राइव्ह खराब झालेली नसती. हो म्हणून सगळं पुसून बसणारे लई बगितलेत मी.

साध्या यूएसबी २ च्या पेनड्राइव्हला तीन जीबी लिहायला सात-आठ मिनिटं, कव्हा पंधराबी. ‘रेडी’ आलं तरी लगेच उपसू नका. ‘इजेक्ट’ करा, मग काढा.

हळदबाजार | बुधवार, रात्री १०:००

लिनक्सवरून करणाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहितो. दोन सालाखाली मी डीडी आज्ञेनं पेनड्राइव्ह बनवायलो होतो. डीडीत ‘आयएफ’ म्हणजे कुठून वाचायचं आणि ‘ओएफ’ म्हणजे कुठं लिहायचं. पेनड्राइव्ह होती एसडीबी, मी लिहिलं एसडीए. एका अक्षराचा फरक. एसडीए म्हणजे माझी हार्डडिस्क. डीडी काहीच विचारत न्हाई, खात्री करून घेत न्हाई, गुमान लिहायला लागतंय. मिनिटभरात ध्यानात आलं, बंद केलं, तवर डिस्कच्या सुरवातीचं सगळं गेलं होतं. गिऱ्हाइकांचे स्कॅन केलेले सातबारे होते, ते परत मागून आणले. पण बहिणीच्या लग्नाचे फोटोबी त्यातच होते. फोटोरेक नावाच्या साधनानं रात्रभर बसून बरेच फोटो काढले, नावं आणि फोल्डर सगळे गेले, आणि हळदीचे फोटो काही मिळाले न्हाईत. बहीण अजून मधूनमधून विचारती.

तव्हापासून मी आधी एलएसबीएलके ही जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा चालवतो, साइज बगतो, पेनड्राइव्ह काढतो, परत चालवतो, कोणती ओळ गायब झाली ते बगतो, मग लावतो. आणि डीडीनं काम झालं म्हणलं तरी सिंक आज्ञा दिल्याशिवाय काढत न्हाई, कारण लिहायचं काही अजून रॅममध्येच अडकलेलं असतंय. ज्याला ही भीती नको त्यानं पेनड्राइव्ह लिहायचं एचर नावाचं साधन वापरावं. ते हार्डडिस्क सहजासहजी दाखवत न्हाई आणि लिहून झाल्यावर परत वाचून ताडून बगतंय.

बालाघाट | बुधवार, रात्री १०:१२

भाऊ, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

नांदेड_क्लास | गुरुवार, सकाळी १०:२०

आमच्या क्लासमधल्या नव्या संगणकांना विंडोज ११ च ठेवायचंय. त्याची आयएसओ उघडून फॅट३२ पेनड्राइव्हवर कॉपी करताना एक फाइल जातच नाही, ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतंय. पेनड्राइव्ह ३२ जीबीची आहे, मग जागा कशी नाही?

पैठणगेट | गुरुवार, सकाळी १०:५०

जागा आहे, पण फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही. विंडोजच्या आयएसओतली इन्स्टॉल डॉट विम ही फाइल आता त्याच्या वर जाते. रुफस यावर असा मार्ग काढतं की मोठा भाग एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या मांडणीत करतं आणि शेवटी एक छोटासा भाग ठेवतं, ज्यातून यूईएफआयला एनटीएफएस वाचायचा चालक मिळतो. दुसरा मार्ग मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलचा. ते त्या फाइलीऐवजी जास्त दाबलेली इन्स्टॉल डॉट ईएसडी वापरतं आणि ती फॅट३२ मध्ये मावते. तुमच्या नव्या यंत्रांना जीपीटी आणि यूईएफआय निवडा.

अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. पेनड्राइव्ह बरोबर असते, फक्त एसएसडी ओळखायला इंटेलचा व्हीएमडीचा चालक (ड्रायव्हर) लागतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन, उलगडून, त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरात ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. आणि काहीही करण्याआधी बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप चालू आहे का बघून त्याची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून घ्या. बायॉसच्या सेटिंगला हात लावला की ती ४८ आकड्यांची किल्ली मागितली जाऊ शकते.

नांदेड_क्लास | गुरुवार, सकाळी ११:३०

रुफसनं झालं. किल्ल्या वहीत लिहून घेतल्या.

दुधनाकाठ | शुक्रवार, रात्री ९:४५

आजचा वृत्तांत. लॅपटॉपवर एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडली, मिंट उठलं, या वेळी एकही स्क्वॅशएफएस नाही. आधी काही न बसवता तसंच चालवून बघितलं. वायफाय, आवाज, छपाई सगळं लागलं. मगच बसवलं. दोन्ही आय-थ्री झाले. एका कोअर टू ड्युओला पेनड्राइव्ह दिसत नव्हती. पुढच्या पोर्टमधून काढून मागं मदरबोर्डच्या पोर्टात लावली की दिसली. मात्र बूटच्या यादीत ती यूएसबी म्हणून कुठंच नव्हती. शोधत गेले तर ‘हार्ड डिस्क प्रायॉरिटी’च्या आत दुसऱ्या क्रमांकावर सापडली, तिथून वर आणली. झाला.

शेवटचा एक मात्र दमवतोय. सेटिंग बदलून सेव्ह केलं, पेनड्राइव्हवरून उठला, मिंटही बसलं. पण बंद करून मेन स्विच घालवला आणि सकाळी चालू केला की सगळी सेटिंग परत जुनी. तारीख दाखवतो १ जानेवारी २००९. मिंटमधून सुधारणा उतरवायला गेलं तर त्याही नाकारतो.

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री १०:०५

सेल गेलाय. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतोय, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातबी मिळतो. मशीनची वायर काढून, धातूला एकदा हात लावून, मग बदला. लिहिलेली बाजू वर. बायॉसमध्ये तारीख-वेळ बरोबर भरा. सुधारणा नाकारायलंय ते तारखेमुळंच. मशीनला वाटतंय २००९ साल चालू हाय आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याच्या हिशोबानं अजून जन्मलंच न्हाई.

दुधनाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:३०

सेल बदलला. तारीख टिकली, सुधारणा उतरल्या, पाचवाही चालू झाला.

आज दुपारी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी मांडणी जोडून दिली. बोरीहून येणाऱ्या एका मुलीनं इनस्क्रिप्टवर मराठीत तिचं नाव, गावाचं नाव आणि खाली ‘टंकलेखन चाचणी’ असं लिहून छापून घेतलं. तिला टायपिंगच्या परीक्षेला बसायचंय. तिच्या मैत्रिणीनं विचारलं, ही पेनड्राइव्ह मला एक दिवस देता का, दादाचा संगणक पडून आहे. मी म्हटलं, देते, पण आधी तू माझ्यासमोर एक बनव. बेरीज तपासण्यापासून तिनंच केलं. उद्या सकाळच्या गाडीनं ती परत आणून देणार आहे.

मांजराकाठ भाऊ, एक शेवटचं विचारते. काम झाल्यावर ती पेनड्राइव्ह पुन्हा साधी कशी करायची?

मांजराकाठ | रविवार, संध्याकाळी ७:५०

रुफस उघडा, ‘बूट सिलेक्शन’मध्ये ‘नॉन बूटेबल’ घ्या, स्टार्ट. तेवढंच. साइज कमी दाखवायली आणि रुफसनं जमंना झालं तर विंडोजमध्ये डिस्कपार्ट उघडून लिस्ट डिस्क, पेनड्राइव्हचा नंबर साइजवरून ओळखून सिलेक्ट डिस्क, मग क्लीन. नंबर दोनदा बगा, हळदबाजार भाऊंनी सांगितलेलं इथंबी लागू हाय. पण ताई, ती साधी कशाला करता? एक तशीच ठेवा कपाटात, तारीख लिहून.